डावीकडे वळताना

कुमासीतल्या गॅरेजांच्या गल्लीत
म्हातारा बेडियाको आधी रेडिओ बंद करायला लावतो.
"डावीकडे वळव. हळू. आता?"
टक्. टक्-टक्.

आफ्रियेने तीनदा पैसे मोजलेत या आवाजापायी.
एकाने धडधाकट शॉकअप बदलले,
दुसऱ्याने नुसतंच ग्रीस चोपडलं,
तिसऱ्याने मात्र आवाज घालवला.
आठ दिवस.

बेडियाको गाडीखाली सरकतो,
चाक हाताने फिरवतो,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला,
टोक लोखंडावर.
मग बोटांनी उपसून काढतो
रबरी चपलेचा तुकडा,
कुणाच्या तरी टाचेचा खळगा अजून त्यावर.

"दुखणं तिथंच होतं, पोरी.
त्यानं फक्त तोंडात बोळा कोंबला."

तुकडा ती डॅशबोर्डवर ठेवते.
परतीच्या वाटेवर
रेडिओ लावत नाही.