तळ मऊ

पहाटे दोनला पडद्यावर पहिलं झाड उगवलं.
झाड आम्हीच म्हणतो;
तळाच्या रेषेतून वर निघालेला
प्रतिध्वनीचा पिवळट फराटा,
प्रवाह नेईल तिकडे कललेला.
वेळ लिहिली. खोली लिहिली, एकशेब्याऐंशी मीटर.
शेरा : मिथेन, बहुधा.

बहुधा हा शब्द आमच्या जहाजावर
मिठाइतका लागतो.

रिफ्की रेइस खुर्ची उलटी करून बसलेला,
चहाच्या ग्लासाला दोन्ही तळवे लावून.
आमचा वाटाड्या, वय शहात्तर, रोजाच्या बोलीवर.
पडद्याकडे बघत नाही.
म्हणतो, पोरवयात आम्ही इथे वल्ही उचलून धरायचो
आणि ऐकायचो, समुद्र फुटाणे भाजतोय.
मोठी माणसं दटावायची, कुणाला सांगू नका,
पलीकडच्या गावचे येतील जाळी घेऊन.

इझ्मितच्या या आखाताखाली दोन जमिनी
एका चुलीवरच्या जावांसारख्या नांदतात :
वर्षाकाठी बोटभर सरकायचं,
बाकीचं मनात ठेवायचं.
त्या ठेवण्यानेच भेग पडते, आणि भेगेच्या कडेने
गाळात कुजून कुजून हलकं झालेलं काहीतरी
वाट काढतं.
संशय आला की म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे पाण्यातच मुरतंय,
तेही खालून.

टीव्हीवाले विचारतात, बुडबुडे वाढले म्हणजे
पुन्हा होणार का?
आम्ही तोंडाची वाफ दवडत नाही.
ते काम समुद्राकडे आहे.

काल नळीभर गाळ वर काढला.
काळा, गार, तीन मीटर.
वरचा भार सुटला तसा फुगला, तडकला,
नळीच्या तोंडातून आपणहून बाहेर सरकला
वेडावणाऱ्या पोराच्या जिभेसारखा.
नासक्या अंड्यांचा वास. तुलायने नाकाला रुमाल लावला,
मग खिशात घातला. म्हणाली, आठवडा काढायचाय.

तीनच्या सुमाराला किनाऱ्याजवळ आलो.
अडतीस मीटर. पडद्यावर कोपरे दिसले.
समुद्राला कोपरे नसतात.
पायऱ्या असाव्यात; दिव्याचा एक खांब, आडवा;
आणि खांबाच्या बुडाशी
बारीक, सरळ, एकटंच झाड.

रिफ्कीने ग्लास खाली ठेवला.
नव्याण्णवच्या ऑगस्टात, याच वेळेला,
नुस्रतची चहाची बाग चिनारांसकट समुद्रात उतरली.
नुस्रत धाकटा. उकाड्याचा बागेतच झोपायचा.
हे मला धक्क्यावरच्या लोकांनी सांगितलेलं.
रिफ्की एवढंच म्हणाला,
तांब्याचा समोवार होता. पैसे माझे.
पुढच्या हंगामात फेडतो, म्हणायचा.

मग झाडाच्या शेंड्यावर बोट टेकवून :
हे वर पोचतं?
खोल पाण्यातलं अर्ध्यात विरतं, मी म्हटलं.
इथलं पोचतं. थोडं.
बहुधा? त्याने विचारलं, आमच्याच शब्दात.
नाही. नक्की.

तो कठड्याशी जाऊन उभा राहिला.
इंजिन चालू होतं, ऐकू काही आलं नसणार.
बराच वेळ उभा होता.
आत आला, टोपी नीट केली, कप्तानाला म्हणाला,
इथे नांगर टाकू नका.

अर्धा मैल पुढे जाऊन टाकला.
नोंदवहीत जागा बदलण्याचं कारण विचारतात.
मी लिहिलं : तळ मऊ.