एकोणीसचे पंचवीस

टेमा बंदरालगतच्या या इमारतीत
बाहेर तेहेतीस, आत एकोणीस.
पाचव्या मजल्यावर, हिशेब विभागात,
झिफा शाल पांघरून बेरजा करते.
टेबलाखाली लोकरीचे मोजे.
घानात, लोकरीचे मोजे!
दुकानदारानं विचारलं म्हणे,
कुठे, लंडनला निघालात?

मी क्वाब्ला, यंत्रांचा माणूस.
माझी आठवण दोनदाच होते,
गार पडेनासं झालं की,
आणि कुणाला हुडहुडी भरली की.

एकोणीस हा ओफोसुहेने साहेबांचा हुकूम.
त्यांच्या तीन तुकड्यांच्या सुटाला घाम चालत नाही.
विजेचं बिल आलं त्या दिवशी सूट तोच होता,
आवाज तेवढा उतरला.
"बघ काहीतरी. पण कुणाला कळता कामा नये."

मग मी चोरासारखा चढत गेलो,
दर सोमवारी एक अंश.
वीस. चकार शब्द नाही.
एकवीस, बावीस.
तेविसाला झिफाची शाल
खुर्चीच्या पाठीवर नुसती लोंबत राहिली.
चोविसाला नॉर्टेला उकडायला लागलं.
उठला, भिंतीवरच्या डबीचं बटण दाबून आला,
हुश्श करून बसला.
त्या डबीची तार
तीन वर्षांपूर्वी मीच कापली आहे.
(वर जाब द्यावा लागेल. देईन.)

पंचविसाला साहेबांनी कोट काढला.
खुंटी कुठे होती?
दाराच्या मुठीला अडकवला.

बिल उतरलं. किती, ते कागदावर आहे.
साहेबांनी दोनदा वाचून
शर्टाच्या खिशात घातला.

पण पावती मला मिळाली मागच्या बोळात.
तिथे यंत्रं भिंतीबाहेर तोंड काढून धापा टाकतात,
वरच्यांच्या गारव्याचा उष्टा उकाडा ओकतात,
आणि त्यांच्याखाली कोर्कोर केंकी विकते,
आंबवलेल्या मक्याचे गोळे, कणसाच्या सालात बांधलेले.
पुढून पातेल्याची वाफ,
पाठीवर आमची.

"क्वाब्ला, तुझी यंत्रं आजारी आहेत का रे?
भर दुपारी मधेच गप्प होतात.
काल समुद्राचा वारा पार इथवर आला.
मला वाटलं, वर कुणी गेलं की काय."

हो, म्हटलं, थोडी आजारी आहेत.

"मग बरी करू नकोस,"
आणि एक केंकी हातावर ठेवली.
पैसे घेतले नाहीत.
चटका बसेल इतकी गरम.