आक्षेप क्रमांक सात

पारोळ्याच्या वेशीची दुरुस्ती. गूळ, एकवीस किलो.
बेलफळं, दोन पोती. उडीद डाळ. हिरडा.
लेखापरीक्षक लाल शाईत विचारतात :
बांधकामावर हा किराणा कशाला?

खुलासा सात दिवसांत द्यायचाय.
मी पेन उघडून बसलोय.

कसं लिहू, साहेब, की आधीच्या लोकांनी
इथे सिमेंट लिंपलं होतं, बिलासकट, बिनआक्षेप.
वर्षभर झकास दिसलं.
मग भिंत आतल्या आत घामेजली,
ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती, लोणा फुटला,
आणि एका दुपारी तो कडक पापुद्रा
विटांची तोंडं घेऊनच खाली उतरला.

सुपडू मिस्तरी उकिडवे बसले,
ढलप्यावर बोटाने टकटक करत म्हणाले,
"भीतले बी दम लागस, भो.
येनी तिनं तोंडच दाबी धरं."

घाणीचं चाक सापडलं बसस्टँडमागे,
चहावाल्याची पायरी होऊन.
दोनशे रुपये आणि एक नवी फरशी, एवढ्यावर सुटलं.
कळीचा चुना खड्ड्यात पाणी पिऊन उसळला,
मग पडून राहिला, चैत्र सरला तरी.
मी रोज विचारायचो, झाला का?
मिस्तरी काठी बुडवून बघायचे. बोलायचे नाहीत.

सकिनाबी सुरखी चाळायच्या,
भुवयांपर्यंत विटकरी.
बेलाच्या गराला गांधीलमाश्या यायच्या.
गूळ चोरीला गेला हे खरं : दीड किलो, पोरांनी.
तेवढा आक्षेप मान्य.

पंचेचाळीस अंशांत चुना तडकतो,
म्हणून काम रात्री. दिवसा गोणपाटं भिजवायची,
तापकऱ्याच्या कपाळावरच्या घडीसारखी, पुन्हा पुन्हा.

एकदा मी म्हणालो, अजून पक्कं नाही का करता येणार?
त्यांनी थापी खाली ठेवली.
सांधा विटेपेक्षा नरम लागतो, साहेब.
खालून ट्रॅक्टर जातात, वेस हलणारच.
कुणीतरी तडकायचंच, तर सांध्यानं तडकावं.
सांधा पुन्हा भरता येतो.
ही वीट कुठून आणाल?

त्या रात्री मी धाकट्या भावाला फोन केला,
चार वर्षांनी.
ते इथे लिहायचं कारण नाही.

खुलासा : सदर गूळ भिंतीने खाल्ला.
खोडलं.
खुलासा : सदर साहित्य मिश्रणात वापरले असून
मिश्रण अद्याप घट्ट होत आहे.
तपासणीस यावे, नखाने ओरखडून पाहावे.
शक्यतो पुढच्या वर्षी.