टनामागे

खडीचा भाव काढायचा तर वरून खाली या.
आधी माती. गवत, मुळं, दोन हात लाल चिखल,
खेचरं जुंपून ओढला: टनामागे तीन सेंट.
मग भोकं, चाळीस फूट खोल. साडेचार.
दारू सहा.
वाफेचं फावडं सात; कोळसा ओला आला तर आठ.
जबड्याचे नऊ, कारण दगड चावून त्याचेही दात झिजतात.
चाळणीचे किती ते ब्रून्सला विचारा,
जाळी फाटली की तो ती माझ्याच टेबलावर आणून आपटतो.

मिसूरीत त्या साली मक्यालाही कुणी विचारत नव्हतं.
खडी पंचावन्नला जायची.
मी खर्च अठ्ठेचाळीसवर आणून ठेवला होता,
पेन्सिल, खोडरबर, आणि कानात दिवसभर तो जबडा.
रविवारी चर्चमध्ये सगळे गप्प झाले
की मला तोच ऐकू यायचा.

सप्टेंबरात एक सुरुंग उडाला नाही.
दुसऱ्या दिवशी होबार्ट क्रील
त्याच्या शेजारी भोक पाडत होता,
तेव्हा उडाला.

भरपाई बाराशे डॉलर.
वर्षाची खडी दोन लाख चाळीस हजार टन.
भागाकार दोनदा केला, मग गुणून पाहिला.
टनामागे अर्धा सेंट.
जाळीला याहून जास्त पडतात.
रकाना नव्हता. ब्रून्स म्हणाला, ‘किरकोळ’मध्ये घाल,
आणि टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला,
जणू तो शब्द दुसऱ्याच कुणी उच्चारला होता.

आयडेला क्रील खिडकीशी आली. पैशांसाठी नाही,
डब्यासाठी.
त्यात एक दगड असेल, म्हणाली, मुलीला कबूल केलेला.
होता. बोटाएवढा देठ, चकतीवर चकती रचलेली,
इथे समुद्र होता तेव्हाचं काहीतरी,
फूल की प्राणी, मला ठाऊक नाही.
कुंपणाच्या आतला दगड कंपनीचा.
सवयीनं मी तो काट्यावर ठेवला: सव्वा पौंड.
मग फडक्यात गुंडाळून
तिच्या हातात दिला. वहीत लिहिला नाही.

थंडीत सेंट लुईसहून तपासनीस आला.
दोन दिवस बसला, कॉफी प्यायला, बोटं थुंकीनं ओली करत
पान न् पान उलटलं.
बेरजा चोख आहेत बाई, म्हणाला.
फक्त किरकोळ खर्च यंदा जरा वाढलाय,
तेवढा पुढच्या वर्षी बघा.