निचरा

कन्हानच्या पाइपलाइनवर एकतीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला
धंतोलीतल्या त्या थंड केबिनमध्ये डॉक्टरीणबाईंनी
गोळ्यांच्या पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं.
हे जठर. हा पित्ताचा नळ. हे स्वादुपिंड,
कणसासारखं आडवं, आणि हे त्याचं डोकं.
गाठ इथे.
हे सगळं काढायचं, उरलेलं तीन ठिकाणी जोडायचं.
यांनी चष्मा कपाळावर सारला.
"तीन जॉइंट. टेस्टिंग कसं घेता?"
बाई हसल्या नाहीत. "घेता येत नाही.
तिसऱ्या-पाचव्या दिवशी कळतं."

मला फक्त 'डोकं' ऐकू आलं होतं.
स्वादुपिंडाला डोकं असतं, मान असते, शेपूट असते,
आणि मी चोपन्न वर्षं ते पोटात घेऊन फिरते आहे,
ओळख नसताना.

त्याआधी गोळीबार चौकात प्रत्येकाकडे उपाय होता.
जावेनं काविळीची माळ आणली.
लांबत लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली समजायचं.
माळ लांबली.
डोळे हळदीचेच राहिले.
रात्रभर अंग खाजवायचे, सकाळी चादरीवर
रक्ताचे बारीक ठिपके, मी ते मिठाच्या पाण्यात भिजवायचे.

मेचा दुसरा आठवडा, पारा शेहेचाळीस.
सव्वाआठला आत नेलं.
बाहेर कूलरची हवा एकाच खुर्चीपर्यंत यायची,
तिच्यावर आम्ही आळीपाळीनं बसत होतो:
गोंदियाचा टेंभरे, कुणाच्या तरी दोन बहिणी, मी.
साडेदहाला टेंभरेला बोलावलं.
परत आला आणि वडिलांच्या चपला पिशवीत भरू लागला.
"उघडून बंद केलं. रक्ताच्या नळीले धरलं हाये म्हन्ते."
मी माझी पाळी त्याला दिली. तो बसला नाही.

तेव्हापासून मी घड्याळाला म्हणत होते, पुढे जा.
बारा वाजले, बरं झालं.
दोन वाजले, आणखी बरं.
लग्नाला तेहतीस वर्षं झाली,
लवकर येऊ नका असं कधी म्हटलं नव्हतं.
साडेपाचला आले, स्ट्रेचरवर, जिभेला पांढरी साय.

मग वही.
तिसरा दिवस: एकशे ऐंशी मिली, लालसर.
चौथा: दोनशे दहा.
पाचवा: दुपारच्या शिळ्या चहाच्या रंगाचं.
नर्सनं बाटली उजेडात धरली आणि काही बोलली नाही.
अमायलेज हजारांत.
"लीक आहे," बाई म्हणाल्या, "लहान. नळी राहू द्या."
हे डोळे मिटूनच म्हणाले,
"पॅकिंग बसाले टाइम लागते. बुजवाची घाई केली का फुटते."
सव्वीस दिवस. घरीसुद्धा ती नळी लुंगीबाहेर,
मी सकाळ-संध्याकाळ खाली बसून मोजायचे.
शेवटच्या ओळीत 'पाच मिली' आहे, त्याखाली काही नाही.

रिपोर्ट दोन पानांचा. कडा स्वच्छ.
सतरा लसिका ग्रंथींपैकी तिनांत.
तीन म्हणजे थोड्या की जास्त, मी विचारलं.
बाईंनी सहा महिन्यांचे केमो लिहून दिले,
आणि मी आकडा मागितलाच म्हणून सांगितला:
पाच वर्षांनी, शंभरातले वीस, फार तर पंचवीस.
ऑटोत बसल्यावर हे म्हणाले,
"शंभर नळ, पंचविसाईले पानी.
उन्हायात आपल्या इकडे इतकंच राह्यते."
मी भाड्याचे सुटे पैसे शोधत राहिले.

आता सकाळी इन्सुलिन. घासाआधी कॅप्सूल.
सावजीचा रस्सा मी करते, तर्री काढून,
ती वेगळ्या वाटीत ठेवते,
हे एक बोट बुडवतात आणि चाखून वाटी मागे सरकवतात.
पट्ट्याला चार भोकं स्वतः पाडली, खिळा तापवून.

पावणेदोन वर्षं झाली.
गुरुवारी पुन्हा स्कॅन आहे, त्याविषयी घरात कुणी बोलत नाही.
आत्ता हे निमज्यांच्या मोरीत पान्हा घेऊन बसले आहेत,
नळ गळतो म्हणून.
"जोर नका लावू," मी जिन्यातून ओरडते.
"जोर नाही लावला!" खालून येतं, धापेसकट.

वहीची उरलेली पानं दुधाच्या हिशेबाला लावली.
आज पंधरा तारीख.
अर्धा लिटर.