चित्रात शिवण नसते

मोबाइल पुढे करून नेलिसा म्हणाली,
असाच हवा, अंकल. अगदी असाच.
गिरीची पोरगी, बारावीला,
माप घेताना खांदे आत ओढून घेणारी.

मी चित्र मोठं करून पाहिलं.
वारा नसताना झगा कमरेपासून उडतो,
डावी बाही कोपरापर्यंत, उजवी जमिनीला टेकते,
आणि शिवण कुठेच नाही.
बटण नाही, हूक नाही, चेन नाही.
ही बाई यात शिरली कुठून, मी विचारलं.
ती हसली नाही.
म्हणाली, ती सेनापती आहे. समुद्राखालच्या फौजेची.

म्हापशात पस्तीस वर्षं मशीन चालवतोय.
लग्नाचे कोट, शाळांचे गणवेश,
कार्निव्हलला सॅटिनचे विदूषक डझनाने,
शिगम्याला पुराणातले राजे.
जपानचा समुद्र मात्र
माझ्या कात्रीखाली पहिल्यांदाच आला.

तीनदा उसवला.
शेवटी घेराच्या काठात मासे गरवायची तंगूस ओवली,
खाऱ्या पाण्यातलीच वस्तू, म्हटलं, चालेल तिला.
चेन लपवली काखेखाली,
चित्र काढणाऱ्यालाही सापडू नये अशी.

शनिवारी झगा गेला.
उजवी बाही राहिली, इस्त्रीच्या टेबलावर.

रविवारी शटर अर्धं वर गेलं, लगेच खाली आलं,
पिशवीत बाही, आणि मी पणजीच्या बसमध्ये.

हॉलच्या दाराशी निळे केस, चांदीचे केस,
थर्माकोलची तलवार काखोटीला मारून
सरबत पिणारा कुणी यमदूत.
एक कोल्हा, शेपटीवर कुणाचा पाय पडेल म्हणून
ती हातात घेऊन हिंडणारा.
फोंड्याच्या एका मुलाला चिलखतात बसताच येईना,
त्याची आई त्याला उभ्यानेच भाजी-पाव भरवत होती,
तोंड पुसत होती, रंग न पुसता.

मी वाकून वाकून शिवणी बघत होतो.
गोंदाचं काम फार.
एका काळ्या अंगरख्याला मात्र हातशिलाईची दुमड होती,
तांदळाच्या दाण्याहून बारीक टाका.
कुणीतरी रात्री जागलं होतं.
तिथे थोडा थांबलो,
देवळासमोरून जाताना पाय थांबतो तसा.

नेलिसा आरशापाशी होती, एक हात उघडा, रडवेली.
बाही चढवली. सहा टाके, उभ्या उभ्या.
दोरा दातांनी तोडला.
तिने आरशात पाहिलं
आणि खांदे मागे नेले.

पाठीत कापड ताणलं, अर्धा इंच कमी पडलं.
माझं माप चुकलं नव्हतं.
हे खांदे दुकानात आलेच नव्हते.

निघालो तर मिशा रंगवलेल्या एका पोराने वाट अडवली.
मला खालून वर न्याहाळलं:
गळ्यात टेप, कानावर खडू,
नाकाच्या शेंड्यावर चष्मा.
तुमी कोण जाल्यात?

काय सांगणार.
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
बायकोनेही नाही.
टेप दोन्ही हातांत ताणून धरली, डोक्याच्या वर,
म्हटलं, काड फोटो.

पर्वरी ओलांडल्यावर शेजारचा माणूस म्हणाला,
सुई आहे हो तुमच्या कॉलरला.
होती खरी.
आणि वीतभर निळा दोरा,
खिडकीच्या वाऱ्यावर उडत.