पांढऱ्या पायाची

संडरलंडला मंगळवारी पायांचा दवाखाना असतो,
चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, जिथे शुक्रवारी बिंगो.
मी निळा एप्रन बांधते, टबात पाणी घेते,
आणि आधी कोपर बुडवून बघते,
बाळाच्या आंघोळीला बघतात तसं.

म्हाताऱ्या येतात. मोजे काढताना लाजतात.
मांसात घुसलेली नखं, कुरुपं,
एकमेकांवर चढून बसलेली बोटं,
काचकारखान्यात चाळीस वर्षं उभे राहिलेले घोटे.
मी म्हणते, छान आहेत की हो,
आणि खोटं बोलत नाही.
हातात घेतलेला पाय
वाईट दिसतच नाही कधी.

मला इथे सगळे 'पेट' म्हणतात.
पहिल्या हिवाळ्यात वाटायचं,
पेटायला सांगताहेत की काय, एवढ्या थंडीत!
मग कळलं, पेट म्हणजे बाय माझी.

डोरीन हेपल, वय अठ्ठ्याऐंशी.
तिच्या बोटांच्या बेचक्या पुसत होते
तेव्हा वाकून विचारलंन,
"आणि तुझे गं कोण बघतं, पेट?"
मी हसले नुसती.
उत्तरासाठी ती थांबलीच नाही,
चहात बिस्कीट बुडवलंन, ते तुटून पडलं,
त्याचंच दुःख करत बसली.

घरी येऊन मोजे काढले.
मोठा दिवा लावला, मुद्दाम.
टाचांना भेगा, भेगांत काळं.
याच पायांनी माप लवंडलं होतं उंबऱ्यावरचं.
नवव्या दिवशी सासरे गेले.
जुना दमेकरी माणूस,
पण सगळं आलं ते हळदीच्या पायांवर.
पांढऱ्या पायाची, आत्तेसासू म्हणाली,
हळूच,
मला ऐकू जाईल इतपत हळू.

पुढे मुकुंद गेला, इथेच, न्यूकॅसलच्या इस्पितळात.
तेव्हा म्हणायला कुणी नव्हतं जवळपास.
मीच म्हटलं.

तेव्हापासून आंघोळीत पायांवर पाणी तेवढं ओतायचं.
वाकायचं नाही.

कपाटात कोकमतेलाची वडी होती,
कुमुदने गुहागरहून दिलेली,
सहा वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
आलेल्या गेलेल्याला देऊ म्हणून ठेवलेली.
पळीत घेऊन गॅसवर धरली.
टबात पाणी काढलं, कोपर बुडवायला गेले
आणि हसू आलं.
अगं, तुझेच पाय ते, घाल की सरळ!
तरी बुडवलं कोपर.
जरा कढत होतं. गार पाणी घातलं.

उजवा पाय मांडीवर घेतला.
आईने घेतला असेल काय तो, त्यानंतर आजच.
'छान आहे' म्हणायला गेले, जीभ वळेना.
दर मंगळवारी सतरा जणींना म्हणते,
एकदा अठरावीला म्हणायला काय हरकत होती?
शेवटी म्हटलं, बरा आहे.
मग थोड्या वेळाने, दमलायस.

अंगठ्याने तेल भरत गेले भेगांत.
थिजलं की तेही पांढरंच दिसतं.
पांढरा तर पांढरा.
दुखत होतं तिथे हात हलका झाला,
सवयीने. कामाची सवय.
ती अशी घरी आणता येते
हे ठाऊकच नव्हतं.

डावा पाय वर घेताना उजव्याला लागला.
कुणाला पाय लागला की वाकून हात लावायचा,
तो कपाळाला न्यायचा,
हे अंगात इतकं मुरलेलं, की हात आपसूक गेला.
मग कपाळाशी आला, तेलकट,
आणि तिथेच राहिला.
कोण कुणाची माफी मागतंय
ते मी फार खोदलं नाही.

खिडकीबाहेर समुद्रपक्षी कचऱ्याच्या पिशव्या फोडत होते.
उद्या बुधवार, सुट्टी नाही.
मुकुंदचे लोकरीचे मोजे चढवले,
दोन्ही पायांना,
आणि झोपले.